७२ हजार झीलकरी

फ्रेडी मर्क्युरीबद्दल मराठीत लिहायला बसलं की पहिला मोह होतो तो पाचगणीचा. जगभर गाजलेला हा गायक आपल्या सातारा जिल्ह्यातल्या शाळेत शिकला, वाईहून पसरणीचा घाट चढून वर गेला, टेबललँडवर हुंदडला, म्हणजे तो थोडाफार आपलाच, असं म्हणून टाकावंसं वाटतं. रविवारच्या पुरवण्यांनी ते बऱ्याचदा म्हटलंही आहे. तिकडे इंग्लंडात त्याच्यावर ढिगाने पुस्तकं निघाली. त्यांतल्या कित्येकांत झांझिबार आणि हिंदुस्थान मिळून एक लहानसं प्रकरण उरकतं आणि खरी गोष्ट लंडनमध्ये सुरू होते. एका ठिकाणी तो अभिमानाचं निमित्त होतो, दुसऱ्या ठिकाणी त्याच्या आयुष्याची पहिली १७ वर्षं गळून पडतात. दोन्हींत त्याच्यावर अन्याय होतो. पुढच्या पानांत मी त्याला आपला ठरवणार नाही. पण जो मुलगा वयाच्या आठव्या वर्षी आईवडिलांपासून समुद्रापार येऊन अनोळखी पोरांच्या घोळक्यात जगायला शिकला, त्याच मुलाने पुढे जगातल्या मोठमोठ्या मैदानांवर लाखो अनोळखी माणसांना आपल्या सुरात ओढून घेतलं. या दोन गोष्टींत नातं आहे असं मला मनापासून वाटतं, आणि हे सगळं लेखन त्या नात्याच्या शोधात झालं आहे.

५ सप्टेंबर १९४६ रोजी झांझिबारच्या स्टोन टाउनमध्ये बोमी आणि जेर बलसारा या पारशी दांपत्याच्या घरी फारोखचा जन्म झाला. घराणं मूळचं वलसाडकडचं. वडील ब्रिटिश सरकारच्या नोकरीत कॅशियर होते. झांझिबार म्हणजे लवंगांचं बेट. गादीवर अरब सुलतान, सत्तेवर इंग्रज, रस्त्यावर स्वाहिली, पेढ्यांवर गुजराती आणि कच्छी. घरात अग्नीपुढे प्रार्थना, बाहेर मशिदीची बांग. अशा गावात वाढणाऱ्या मुलाच्या कानावर एकाच दिवसात किती तऱ्हांचे सूर पडत असतील याचा अंदाज आपल्या मुंबईच्या डोंगरी-भेंडीबाजारात वाढलेल्या माणसाला लगेच येईल. पुढे १९७५ साली त्याने रॉक संगीतातल्या सर्वांत प्रसिद्ध गाण्यांपैकी एकात मध्येच ‘बिस्मिल्ला’ हा शब्द पेरला आणि १९७८ च्या ‘जॅझ’ अल्बमची सुरुवात ‘मुस्तफा’ या गाण्याने केली, तेव्हा इंग्रज समीक्षकांना तो लहरीपणा वाटला. मला त्यात लहर दिसत नाही. बालपणी कानावर पडलेलं कुठेतरी साठून राहिलं होतं आणि संधी मिळताच ते वर आलं.

बेटावर चांगल्या शिक्षणाची सोय तुटपुंजी होती आणि पारशी घरांत मुलांच्या शिक्षणाबाबत हयगय चालत नसे. म्हणून त्याला बोटीने मुंबईला आणि तिथून पाचगणीच्या सेंट पीटर्स या निवासी शाळेत पाठवण्यात आलं. त्या काळी असा प्रवास आठवड्यांचा होता. मुलगा आठ वर्षांचा, धाकटी बहीण कश्मिरा अजून कडेवरची. सुट्ट्या बऱ्याचदा मुंबईत नातेवाइकांकडेच जायच्या. या विरहाबद्दल फ्रेडी पुढे फार बोलला नाही. जे बोलला त्यात तक्रारीपेक्षा स्वतःच्या पायावर उभं राहायला शिकल्याचा सूर जास्त होता. पण बोर्डिंगमध्ये राहिलेल्यांना ठाऊक असतं की तिथे मुलगा दोनपैकी एक होतो. एक तर मागच्या बाकावर विरून जातो, नाही तर सगळ्यांचं लक्ष वेधण्याची काहीतरी युक्ती शोधून काढतो. या मुलाच्या वरच्या जबड्यात चार दात जास्तीचे होते, त्यामुळे पुढचे दात बाहेर आलेले. पोरांनी त्याला त्यावरून नाव पाडलं होतं. तो हसताना ओठ आवळून घ्यायचा, हात तोंडावर न्यायचा. ही सवय त्याला जन्मभर राहिली. त्याच वेळी तो शाळेत टेबल टेनिस उत्तम खेळायचा, मुष्टियुद्धात उतरायचा, नाटकांत काम करायचा आणि रेडिओवर एकदा ऐकलेलं गाणं थेट पियानोवर वाजवून दाखवायचा. लाजाळूपणा आणि धिटाई एकाच मुलात राहत होती.

पियानोची ओढ शिक्षकांच्या लक्षात आली. शाळेने घरी पत्र पाठवून जास्तीची फी भरून शिकवणी लावावी असं सुचवलं, आईवडिलांनी होकार दिला, आणि तो चौथ्या श्रेणीच्या परीक्षेपर्यंत पोहोचला. या चार परीक्षा म्हणजे त्याचं जवळजवळ सगळं औपचारिक संगीतशिक्षण. गाणं तर तो कुणाकडेच शिकला नाही. १९५८ च्या सुमारास शाळेतल्या पाच जणांनी ‘द हेक्टिक्स’ नावाचा बँड काढला. ब्रूस मरे गायचा, डेरिक ब्रँच गिटार वाजवायचा, फारंग इराणी आणि व्हिक्टरी राणाही त्यात होते. पुढे ब्रँच नट झाला आणि १९८५ च्या ‘माय ब्यूटिफुल लॉन्ड्रेट’ या चित्रपटात दिसला, राणा नेपाळच्या सैन्यात मोठ्या हुद्द्यावर पोहोचला. फारोखला आता सगळे फ्रेडी म्हणत. आणि या बँडमध्ये तो गायक नव्हता, तो मागे बसून पियानो वाजवायचा. क्लिफ रिचर्ड आणि लिटल रिचर्ड यांची गाणी ही मंडळी शाळेच्या कार्यक्रमांत वाजवायची आणि शेजारच्या मुलींच्या शाळेतून टाळ्या मिळवायची. हा मुलगा त्या वर्षांत लताबाईंच्या गाण्यांवर पोसला, असंही हल्ली सर्रास लिहिलं जातं. ऐकायला गोड असलं तरी मी त्यावर काही उभं केलेलं नाही. त्याने स्वतः ज्यांची नावं आवर्जून घेतली ती जिमी हेंड्रिक्स, अरेथा फ्रँकलिन आणि लायझा मिनेली यांची.

पसरणीचं नाव वर आलंच आहे, तर एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. घाटाच्या पायथ्याच्या या गावात १९२३ साली कृष्णराव साबळे जन्मले, म्हणजे आपले शाहीर साबळे. महाराष्ट्रगीत घरोघरी पोहोचलं ते त्यांच्या आवाजात. त्यांचा आणि फ्रेडीचा काडीचाही संबंध नाही आणि मी तो जोडणारही नाही. पण मराठी वाचकाला फ्रेडीची मैदानावरची करामत समजावून सांगायला शाहिरापेक्षा जवळचा दाखला मला सापडला नाही. शाहीर ओळ टाकतो, झीलकरी ती उचलतात, आणि त्या उचलण्यामुळे ओळ मोठी होते. शाहिराचा अर्धा जीव गाण्यात असतो, अर्धा मागच्यांच्या दमाकडे. फ्रेडीने हेच केलं, फक्त त्याचे झीलकरी समोर उभे असायचे आणि त्यांची संख्या हजारांत मोजावी लागायची.

१९६३ मध्ये तो झांझिबारला परतला. त्या डिसेंबरात बेट स्वतंत्र झालं आणि महिनाभरात, १२ जानेवारी १९६४ ला, उठाव होऊन सुलतानाची सत्ता कोसळली. अरब आणि भारतीय वंशाच्या हजारो लोकांची कत्तल झाली. बलसारा कुटुंब हाताला लागेल ते घेऊन इंग्लंडला निघालं आणि लंडनच्या पश्चिमेला, हीथ्रो विमानतळाजवळच्या फेल्टम या उपनगरात एका साध्या घरात राहू लागलं. फ्रेडी तेव्हा १७ वर्षांचा होता. सुट्टीत त्याने विमानतळावर सामान चढवण्या-उतरवण्याचं काम केलं. आयझलवर्थच्या पॉलिटेक्निकनंतर ईलिंगच्या कला महाविद्यालयात गेला आणि १९६९ मध्ये ग्राफिक डिझाइनची पदविका घेऊन बाहेर पडला. या पदविकेकडे चरित्रकार सहसा घाईने पाहतात. माझ्या मते ती त्याच्या कामाची एक किल्ली आहे. पुढे बँडचं राजचिन्ह त्याने स्वतः काढलं. चौघांच्या राशींचे प्राणी आणि पऱ्या, मध्ये मुकुट, वर पंख पसरलेला फिनिक्स. पोशाख, प्रकाशयोजना, अल्बमचं वेष्टन, कशातही त्याची नजर असायची. गाणं डोळ्यांना कसं दिसेल याचा विचार तो ते कानाला कसं लागेल याच्या बरोबरीने करायचा.

त्या दिवसांत तो आणि ड्रमर रॉजर टेलर केन्सिंग्टन मार्केटमध्ये जुन्या कपड्यांचा गाळा चालवत. टेलर आणि गिटारवादक ब्रायन मे ‘स्माइल’ नावाच्या बँडमध्ये होते. त्यांचा गायक टिम स्टॅफेल बाहेर पडला आणि १९७० मध्ये फ्रेडी आत आला. आधी तो ‘आयबेक्स’ आणि ‘सावर मिल्क सी’ अशा दोन बँडमध्ये गाऊन आला होता. आल्याआल्या त्याने बँडचं नाव बदलून ‘क्वीन’ ठेवायला लावलं, आणि स्वतःचं आडनावही बदललं. बलसाराचा मर्क्युरी झाला. १९७१ मध्ये बेस गिटारवर जॉन डीकन आला आणि ही चौकडी पुढची २० वर्षं एकदाही बदलली नाही. रॉकच्या दुनियेत हे नवलच. चौघेही गाणी लिहायचे आणि चौघांनीही एकेक अफाट लोकप्रिय गाणं दिलं, हे इथे मुद्दाम नोंदवतो, कारण फ्रेडीच्या झगमगाटात बाकीचे तिघे वाद्यवृंदासारखे मागे दिसू लागतात. खगोलशास्त्राचा विद्यार्थी असलेल्या ब्रायन मेने वडिलांच्या मदतीने घरी बनवलेल्या गिटारचा आवाज वगळा, निम्मं क्वीन उरत नाही.

पहिला अल्बम १९७३ चा. फारशी हालचाल झाली नाही. १९७४ मध्ये ‘किलर क्वीन’ ब्रिटनच्या यादीत दुसऱ्या क्रमांकावर गेलं आणि लोक ओळखू लागले, पण खिसे रिकामेच होते. पहिल्या व्यवस्थापनाशी झालेल्या करारातून सुटका करून घेऊन चौघे १९७५ च्या उन्हाळ्यात नव्या अल्बमला लागले, तेव्हा हा शेवटचा डाव आहे असं त्यांना वाटत होतं. त्या वेळी फ्रेडीच्या डोक्यात एक विचित्र गाणं होतं. संथ सुरुवात, मग कबुलीजबाबासारखा पियानोवरचा भाग, मध्येच ऑपेराची थट्टा करता करता खरी ऑपेरा, मग गिटारांचा स्फोट आणि शेवटी पुन्हा शांतता. ध्रुपद नाही, लांबी ५ मिनिटं ५५ सेकंद. आपण ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ म्हणून ओळखतो ते हे. २०२३ मध्ये त्याच्या वस्तूंचा सदबीजने लंडनला लिलाव केला, तेव्हा एका विमान कंपनीच्या कागदांवर लिहिलेला त्याचा कच्चा खर्डा समोर आला, आणि त्यावर आधी ‘मंगोलियन’ हा शब्द लिहून खोडलेला दिसला. हे गाणं म्हणजे एका रात्रीत झालेला साक्षात्कार, ही दंतकथा त्या खोडाखोडीच्या पानांनी संपवली.

ध्वनिमुद्रणाची हकिकत मी पुढे सविस्तर दिली आहे, पण तिचा गाभा इथेच सांगतो. वेल्समधल्या रॉकफील्ड स्टुडिओत २४ ऑगस्ट १९७५ ला काम सुरू झालं. निर्माता रॉय थॉमस बेकर. ऑपेराच्या भागात जो मोठा गायकवृंद ऐकू येतो तो खरं तर तिघांचाच आहे, फ्रेडी, मे आणि टेलर यांचा. सगळ्यांत उंच सूर ड्रमर टेलरचे. दिवसाचे दहा-बारा तास तेच तेच तुकडे गायचे, टेपवर एकावर एक थर चढवायचे, जागा संपली की आधीचे थर एकत्र करून नव्यांसाठी जागा करायची. असे सुमारे १८० थर झाले. टेप यंत्राच्या डोक्यावरून इतक्या वेळा फिरली की तिच्यावरचा लेप झिजून ती पारदर्शक दिसू लागली. आज संगणकावर दोन कळा दाबून होणारं हे काम तेव्हा ब्लेडने टेप कापून, चिकटवून चाललं होतं. आणि या सगळ्याचा नकाशा एकट्या फ्रेडीच्या डोक्यात होता. कुठला तुकडा कुठे बसणार हे बाकीच्यांना तो अखेरीस जोडला गेल्यावरच नीट कळलं.

रेकॉर्ड कंपनीला गाणं लांब वाटलं. कापा म्हणाले, चौघांनी ऐकलं नाही. कॅपिटल रेडिओवरच्या केनी एव्हरेटने शनिवार-रविवारात ते १४ वेळा वाजवलं आणि सोमवारी लोक दुकानांत मागू लागले, तेव्हा रेकॉर्ड बाजारात आलेलीही नव्हती. ३१ ऑक्टोबरला ती आली आणि पुढे नऊ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिली. सोबतची चित्रफीत ब्रूस गॉवर्सने एल्स्ट्रीत चारेक तासांत उरकली. काळ्या पार्श्वभूमीवर उजळलेले चार चेहरे हे चित्र आजही कुठेही ओळखलं जातं.

एवढं सांगूनही मला वाटतं की स्टुडिओतला फ्रेडी हा अर्धाच. मे १९७७ मध्ये स्टॅफर्डच्या बिंगली हॉलमध्ये कार्यक्रम संपला आणि श्रोते घरी जाण्याऐवजी एकमुखाने गाऊ लागले. फुटबॉलच्या मैदानांवर इंग्रज गातात ते गाणं त्यांनी बँडसाठी गायलं. चौघे विंगेत उभे राहून ऐकत राहिले. त्या रात्रीतून दोन गाणी निघाली. मेने ‘वी विल रॉक यू’ लिहिलं, ज्यात वाद्यं जवळजवळ नाहीतच, दोनदा पाय आपटा आणि एकदा टाळी वाजवा. फ्रेडीने ‘वी आर द चॅम्पियन्स’ लिहिलं. पन्नास वर्षं होत आली, आपल्याकडे कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये आणि क्रिकेटच्या मैदानावर ती पाय-पाय-टाळी चालूच आहे आणि वाजवणाऱ्या निम्म्या पोरांना क्वीन हे नावही माहीत नसतं. गाणं लिहिणाऱ्याच्या नावावाचून जगू लागलं की ते लोकगीताच्या जवळ पोहोचतं. यापेक्षा मोठं यश मला तरी माहीत नाही.

१९८१ मध्ये ही मंडळी दक्षिण अमेरिकेत गेली. ब्राझीलमधल्या साओ पाउलोच्या मोरुंबी मैदानात एका रात्री १ लाख ३१ हजार लोक आले. तिथे ‘लव्ह ऑफ माय लाइफ’ हे हळवं गाणं मे एका गिटारवर वाजवायला लागला की फ्रेडी पहिल्या ओळीनंतर थांबायचा आणि ज्यांना इंग्रजी येत नाही असे लाख लोक ते अथपासून इतिपर्यंत गायचे. त्या ध्वनिमुद्रणांत त्याचा आवाज जिथे नाही त्या जागा ऐकाव्यात. कुठे गायचं नाही हे कळलेला गायक तिथे ऐकू येतो. आपल्या कीर्तनकारांना आणि शाहिरांना ही अक्कल परंपरेने मिळते, फ्रेडीने ती स्वतः कमावली.

मग १३ जुलै १९८५. इथिओपियातल्या दुष्काळग्रस्तांसाठी बॉब गेल्डॉफने भरवलेला ‘लाइव्ह एड’, लंडनचं वेम्बली मैदान, समोर ७२ हजार माणसं आणि दूरचित्रवाणीवर अवघं जग. प्रत्येक बँडला वीस मिनिटं. संध्याकाळी पावणेसातच्या सुमारास क्वीन मंचावर आलं, तेव्हा लख्ख ऊन होतं. दिव्यांची कमाल, धूर, काही म्हणजे काही उपलब्ध नव्हतं. पण बाकीचे बरेच जण आपल्या लौकिकावर विसंबून आले होते आणि हे चौघे लंडनच्या शॉ थिएटरात घड्याळ लावून तालीम करून आले होते. एकही नवं गाणं नाही, सगळी ओळखीची, तीही कापून नेमकी बसवलेली. टेलरचं ‘रेडिओ गा गा’ सुरू झालं आणि ध्रुपदाला ७२ हजार जोड्या हात एकाच क्षणी डोक्यावर जाऊन वाजले. ही गर्दी क्वीनची तिकिटं काढून आलेली नव्हती, हे ध्यानात घ्यायला हवं. त्यानंतर वाद्यं थांबली आणि पांढऱ्या बनियनमधला हा सडपातळ माणूस, हातात तुटक्या दांड्याचा माइक, नुसत्या आवाजाने एकेक फिरत फेकू लागला. मैदान झील धरू लागलं. त्याने सूर लांबवला, मैदानाने लांबवला. शब्द नव्हते, अर्थ नव्हता, होता तो केवळ देवघेवीचा आनंद. कसबाने त्याच्याहून थोर गायक त्या दिवशी मंचावर येऊन गेले असतील. एवढ्या लोकांना एवढ्या थोड्या वेळात एकत्र आणलेलं मात्र मी दुसऱ्या कुणाचं पाहिलेलं नाही.

त्याच्या या देणगीचा एक डागाळलेला प्रसंगही आहे आणि तो झाकून चरित्र लिहू नये. ऑक्टोबर १९८४ मध्ये क्वीनने दक्षिण आफ्रिकेतल्या सन सिटीत कार्यक्रम केले. वर्णभेदी राजवटीवर संयुक्त राष्ट्रांनी सांस्कृतिक बहिष्कार पुकारलेला असताना. ब्रिटनमधल्या संगीतकारांच्या संघटनेने बँडला दंड केला, टीका झाली. आमचं राजकारणाशी देणंघेणं नाही, आम्ही सर्वांसाठी वाजवतो, असं बँडचं म्हणणं होतं. आफ्रिकेत जन्मलेल्या, रंगावरून माणसं मारली जाताना घर सोडून पळालेल्या भारतीय वंशाच्या माणसाने ते म्हणावं, याचं मला वाईट वाटतं. गर्दीला एकत्र आणणाऱ्याने कुणाला दाराबाहेर ठेवून ही गर्दी जमवली आहे हे विचारायलाच हवं होतं.

मंचावरून उतरलेला फ्रेडी वेगळा होता. मुलाखती नकोशा, अनोळखी माणसांत अवघडलेला, मांजरांवर जीव टाकणारा. मेरी ऑस्टिन ही तरुणपणातली प्रेयसी. त्याला पुरुषांची ओढ आहे हे दोघांनी मान्य केल्यावरही ती त्याची सर्वांत जवळची माणूस राहिली आणि केन्सिंग्टनचं ‘गार्डन लॉज’ हे घर त्याने मागे तिच्याच नावे ठेवलं. शेवटच्या वर्षांतला सोबती जिम हटन. त्याने फ्रेडीची सेवा केली. समलिंगी संबंध इंग्लंडात १९६७ पर्यंत गुन्हा होते आणि पुढेही तिथली सनसनाटी वृत्तपत्रं अशा माणसांची शिकार करत. घरी धर्मनिष्ठ पारशी आईवडील, त्यांच्याशी हा विषय त्याने कधी उघडपणे काढला नाही. तो भित्रा होता किंवा त्याने आपल्या समाजाशी प्रतारणा केली, असे दोन्ही आरोप वाचनात येतात. ज्याने रोज रात्री सगळं उधळून दिलं त्याने घराचा उंबरा स्वतःसाठी ठेवला, तर तो त्याचा हक्कच होता. म्हणून त्याच्या खासगी पार्ट्यांचे किस्से मी या लेखनात अगदी थोडे घेतले आहेत. ते इतरत्र भरपूर मिळतात.

१९८७ मध्ये एड्सचं निदान झालं. त्या काळी उपचार जवळपास नव्हतेच. यापुढची साडेचार वर्षं हा माझ्या दृष्टीने त्याच्या आयुष्याचा सर्वांत थोर भाग. त्याआधी, १९८३ मध्ये, लंडनच्या रॉयल ऑपेरा हाउसमध्ये तो पावारोत्तीला ऐकायला गेला होता आणि मोंसेरात काबाये या स्पॅनिश गायिकेच्या आवाजावर जीव ओवाळून परतला. १९८७ मध्ये बार्सिलोनात तिची भेट झाली, १९८८ मध्ये दोघांचा ‘बार्सिलोना’ अल्बम आला. चार परीक्षा दिलेला पियानोवादक, कुणाकडेही गाणं न शिकलेला गायक, आणि समोर ऑपेराच्या शिखरावरची बाई. तो तिच्यासारखं गायला गेला नाही, आपल्याच आवाजात तिच्या शेजारी उभा राहिला. चार वर्षांनी बार्सिलोना ऑलिंपिकच्या वेळी ते गाणं जगभर घुमलं, तेव्हा तो नव्हता.

त्याच्या आवाजाबद्दल पुष्कळ भाबडं लिहिलं गेलं आहे. चार सप्तकांचा आवाज, वगैरे. २०१६ मध्ये काही युरोपीय संशोधकांनी त्याच्या ध्वनिमुद्रणांचा अभ्यास केला. तो बोलायचा खालच्या, भरदार पट्टीत आणि गायचा उंच पट्टीत. त्याच्या सुराचं आंदोलन शास्त्रीय गायकांपेक्षा जलद आणि अनियमित होतं. आणि घोगरा, गुरगुरता आवाज काढताना तो घशाच्या अशा भागाचा उपयोग करत असावा जो सहसा कुणी गाताना वापरत नाही. त्याच्या स्वरतंतूंवर गाठी व्हायच्या, दौरे अर्ध्यात सोडावे लागायचे. पुढे आलेले दात पैसा आल्यावर सहज नीट करता आले असते, पण आवाज बदलेल या भीतीने त्याने ते तसेच ठेवले.

१९९१ च्या सुरुवातीला ‘इन्युएन्डो’ आला. पाय साथ देत नव्हते, पण तो स्वित्झर्लंडमधल्या माँत्रोच्या स्टुडिओत येत राहिला. मला द्या, मी गातो, बाकी नंतर तुम्ही पूर्ण करा, अशी सहकाऱ्यांना त्याची विनवणी असायची. मे महिन्यात ‘मदर लव्ह’ गाताना त्याने शेवटचं कडवं सोडलं, पुन्हा येऊन गाईन म्हणाला. तो आला नाही. ते कडवं ब्रायन मेने गायलं आणि गाणं १९९५ मध्ये प्रसिद्ध झालं. २३ नोव्हेंबर १९९१ ला त्याने आजार जाहीर केला आणि दुसऱ्या दिवशी, वयाच्या ४५ व्या वर्षी, गेला. अंत्यविधी पारशी दस्तुरांनी केला. डिसेंबरात ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ पुन्हा निघालं, पुन्हा पहिल्या क्रमांकावर गेलं आणि त्याचं उत्पन्न एड्सग्रस्तांसाठी काम करणाऱ्या टेरेन्स हिगिन्स ट्रस्टला मिळालं. पुढच्या एप्रिलमध्ये वेम्बलीवर त्याच्या आठवणीत मोठा कार्यक्रम झाला आणि त्यातून ‘मर्क्युरी फिनिक्स ट्रस्ट’ उभा राहिला, तो आजही या रोगाविरुद्धच्या कामाला पैसा पुरवतो.

नव्या पिढीची त्याच्याशी ओळख झाली ती त्याच्यावरच्या २०१८ च्या चित्रपटातून. रामी मालेकने फ्रेडीचं काम फार जीव ओतून केलं, ऑस्करही मिळवलं. पण चित्रपट पाहून या लेखनाकडे येणाऱ्यांनी दोन गोष्टी मनातून काढून टाकाव्यात. ‘लाइव्ह एड’च्या आधी बँड फुटलेला नव्हता, त्याच वर्षीच्या मे महिन्यापर्यंत चौघे एकत्र दौऱ्यावर होते. आणि त्या दिवशी फ्रेडी आपल्या मरणाची खबर मनात घेऊन गात नव्हता, एड्सचं निदान दोन वर्षांनंतरचं. वेम्बलीवरचा तो आनंद कुठल्याही सावलीवाचूनचा होता, त्याला नंतरच्या दुःखाचा रंग फासण्याची गरज नाही.

ज्यांनी त्याला फारसं ऐकलेलं नाही त्यांनी कुठून सुरुवात करावी, असं मला नेहमी विचारलं जातं. ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’पासून नको. ते इतकं ओळखीचं झालं आहे की नीट ऐकूच येत नाही. १९७६ चं ‘समबडी टू लव्ह’ घ्या. अरेथा फ्रँकलिनच्या गाण्याचा ध्यास घेऊन बांधलेलं, चर्चमधल्या कृष्णवर्णीयांच्या समूहगानाच्या धाटणीचं. त्यातला मोठा गायकवृंद पुन्हा त्या तिघांचाच आहे. मग १९७५ च्या नाताळाच्या आदल्या रात्रीचा हॅमरस्मिथ ओडियनमधला कार्यक्रम, मग १९८१ चा माँट्रियालचा, मग जुलै १९८६ चा बुडापेस्टचा. पोलादी पडद्याआडच्या त्या मैदानात त्याने एक जुनं हंगेरियन लोकगीत तळहातावर शब्द लिहून आणून गायलं, आणि पहिल्या दोन ओळींनंतर ८० हजार हंगेरियनांनी ते त्याच्या हातून काढून घेतलं. ती चित्रफीत मिळते. आवाज मोठा करून पाहा.